दोन बोटं ढील

इनासबाबांची एमजीए, सत्तावन्न सालची,
रंग तेव्हा लाल, आता सुकल्या सोलांचा,
खोर्जुव्याचा पूल उतरून
माझ्या गॅरेजच्या चिऱ्यांच्या गडग्याशी आली
ती थोडी डावीकडे विचारून, थोडी उजवीकडे विचारून.

"स्टिअरिंग ढिलं झालंय," म्हणाले,
जसं कुणी म्हणावं, दात हलतोय.
दारावरून हात घालून मी चाक फिरवलं.
दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे,
पुढची चाकं अजून झोपेत.

मेस्त बेनावेंतनं शिकवलं होतं:
ढील कधी वरून शोधू नये, बाये.
स्टिअरिंग हातात असतं
म्हणून संशय तिथेच घुटमळतो.
जमिनीपासून सुरू कर. टायरातली हवा बघ आधी.
निम्म्या गाड्या तिथेच बऱ्या होतात,
आणि त्याचे पैसे घेऊ नयेत.

हवा बरोबर होती.

जॅकवर घेतली. उजवं चाक वर-खाली धरून हलवलं.
किंगपिन गप्प.
मग दोन्ही कुशींना धरून.
टिक्.
फटूला ब्रेक दाबून ठेवायला लावला.
टिक् तशीच. म्हणजे बेअरिंग सुटलं आरोपातून.

मग गाडी खाली, चाकं जमिनीवर,
फटू सीटवर आणि मी गोणपाट घालून तिच्या पोटाखाली.
"हळू हलव रे. चालवायची नाही तिला,
नुसती हाक मार."
त्यानं हाक मारली.
मी टॉर्च धरून बघत राहिले, हाक कुठवर पोचते.
कॉलमच्या सांध्याशी ती जरा अडखळली:
वरचा काटा फिरला, खालचा मागाहून.
रॅकनं ऐकलं. रॉडनं ऐकलं.
टोकाचा बॉल आपल्या खोबणीत उडी मारून
पुन्हा बसला, आणि मगच चाक वळलं.

एक बोट तिथे. एक बोट इथे.
हिशेब जुळला की मला भूक लागते.

सुटे भाग कोचीहून आले, पावणेतीन आठवड्यांनी,
मल्याळी वर्तमानपत्रात गुंडाळलेले.
बसवले, ग्रीस भरलं, पिना वाकवल्या.
मी स्वतः म्हापशापर्यंत नेऊन आणली,
ओळंब्यासारखी सरळ.

इनासबाब तिसऱ्या दिवशी परत.
मडगार्डवर चिऱ्याची तांबडी धूळ.
"काय केलंस तू? माडावर घातलं असतं तिनं मला."

मी शेजारी बसले. "चालवा," म्हटलं.
गाडीकडे बघितलंच नाही, त्यांच्या हातांकडे बघत होते.
वळण यायच्या आधीच हात निघत,
दोन बोटं आगाऊ.
सरळ रस्त्यावरसुद्धा ते
डावीकडे, उजवीकडे,
झोपलेल्या पोराला थोपटावं तसे चालू.
एकतीस वर्षं ती ढील
त्यांनी रोज गोळा केली होती, रोज सोडली होती.
आता गाडी प्रत्येक शब्द खरा मानत होती.

सांधा ढिला करायचा नाही, बॉलही नाही.
त्यात माणसं मरतात.
पण रॅकच्या पोटात एक शिम असते,
कांद्याच्या पापुद्र्याएवढी.
तेवढी एक मी परत घातली.
मेस्त असता तर पाना फेकून मारला असता.
किंवा नसता. त्याची ती लुना
आयुष्यभर उजवीकडे ओढायची.

वहीत लिहिलं:
रॅक, एक शिम जादा. गिऱ्हाइकाच्या हातासाठी.
तीन महिन्यांनी काढणे.

चार झाले. ते फिरकले नाहीत.
संध्याकाळी पुलावरून तो आवाज जातो तेव्हा
फटू हातोडी थांबवतो,
आणि मी कान देते,
नुसत्या आवाजावरून कळतंय का ते बघायला,
सरळ जातेय की विचारत.